कोल्हापूरमधील तालमींचा फुटबॉल

कोल्हापूर शहरातील फुटबॉल संघ प्रामुख्याने पेठांमधील तालीम मंडळांचे आहेत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची व्यायामशाळा. लाल मातीचा हौदा, हनुमानाची मूर्ती आणि भोवती पेठेतील तरुणांची बैठक असे तिचे स्वरूप. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला उदार आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान खुले झाले. पुढे याच तालमींनी फुटबॉल संघ उभे केले. त्यामुळे फुटबॉल शहरात परका न राहता गणेशोत्सवाप्रमाणेच पेठेच्या अभिमानाचा विषय बनला.

शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ व खंडोबा तालीम, मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम व प्रॅक्टिस क्लब, तसेच रविवार पेठेतील दिलबहार तालीम हे प्रमुख संघ होत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (के.एस.ए.) साखळी स्पर्धा भरवते. सामने राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. अंतिम सामन्याच्या दिवशी प्रेक्षागार भरून जाते आणि विजेत्या पेठेत गुलाल उधळला जातो.

आयर्लंडच्या खेड्यांतील गेलिक फुटबॉलशी याचे साम्य आहे. १८८४ मध्ये थर्लस येथे स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे संघही पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गाव-वस्ती, या पायावर उभे राहिले. मात्र तेथे खेळाडू सहसा जन्मगावाच्याच संघाचा राहतो, तर कोल्हापुरात तो दुसऱ्या तालमीकडे जाऊ शकतो. अशी फारकत पेठेला सहजासहजी पचत नाही. अलीकडे काही संघांनी नायजेरियासारख्या देशांतील खेळाडूही आणले. पेठेचा संघ कोणाचा, हा प्रश्न त्यातून अधिकच टोकदार झाला.

या निष्ठेला दुसरी बाजूही आहे. पंचांच्या निर्णयावरून मैदानात सुरू झालेला वाद प्रेक्षकांत आणि तेथून रस्त्यावर पोहोचल्याचे प्रसंग घडले आहेत. महत्त्वाच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो.

गर्दीच्या मानाने येथून राष्ट्रीय पातळीवर पोहोचलेले खेळाडू थोडे आहेत. त्यांपैकी अनिकेत जाधव हा २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचे प्रशिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले होते.