कुलूप गिऱ्हाइकाच्याच दाराला

नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकाच्या क्लासला नाव घातले, त्यांना डॉस आणि वर्डस्टार आता कितपत आठवत असेल कोण जाणे. पण पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र मात्र नक्की आठवत असेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे. वाटेत जमिनीतून वर येणारे सुळे, पायाखाली कोसळणाऱ्या फरश्या, तलवार परजून उभे असलेले पहारेकरी. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली केलेला हा खेळ आपल्याकडे या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर उतरत गावोगाव पोहोचला. त्यात एक चमत्कारिक दालन होते. ओळीने मांडलेल्या बाटल्या, प्रत्येकीवर एकेक इंग्रजी अक्षर. खेळाबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, तमुक ओळीत, अमक्या शब्दाचे पहिले अक्षर कोणते ते पाहायचे आणि त्या अक्षराखालची बाटली प्यायची. दुसरी प्यायली की राजपुत्राचा जीव कमी.

आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ती पुस्तिका कधी पाहिलीच नाही. पण त्यांचे फारसे अडलेही नाही, कारण हातोहात फिरणाऱ्या कित्येक प्रतींतून कुणीतरी ती अट अगोदरच काढून टाकलेली असे. हवी ती बाटली प्या, दार उघडते. अडायचे कुणाचे? तर ज्याने दुकानात रोख पैसे मोजून खोका घेतला आणि पुढे घर बदलताना ज्याची पुस्तिका हरवली, त्याचे. खेळांना घातलेल्या कुलपांचा हा इतिहास मी गेली अनेक वर्षे हौसेने वाचत आलो आहे, आणि एवढ्या काळात कुलपे कितीही बदलली तरी हे गणित काही बदललेले दिसत नाही.

इंग्लंडमध्ये त्याच्याही आधी याहून मजेशीर प्रकार झाला होता. ‘एलिट’ नावाचा अंतराळातल्या व्यापाराचा गाजलेला खेळ १९८५ साली स्पेक्ट्रम संगणकावर आला, तेव्हा त्याच्यासोबत प्लॅस्टिकचे एक घडीचे भिंग देत. नाव लेन्सलॉक. टीव्हीच्या पडद्यावर वेडीवाकडी अक्षरे उमटत. भिंग पडद्याला टेकवून त्यातून पाहिले की ती जुळून नीट दिसत. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला तर मात्र अक्षरे काही केल्या जुळत नसत. आणि कहर म्हणजे काही खोक्यांत भलत्याच खेळाचे भिंग भरले गेले होते! पैसे भरलेला माणूस टीव्हीला डोळा लावून बसलेला, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

कुणी म्हणेल, पोरासोरांच्या खेळाचे एवढे काय घेऊन बसलात? पण एखाद्या मोठ्या कंपनीचा नवा खेळ आज तीन-चार हजार रुपयांना पडतो. मुले त्यासाठी खाऊचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवतात. तेव्हा दिलेल्या पैशांच्या बदल्यात नेमके काय हाती आले, हा प्रश्न मिक्सर किंवा सायकल घेताना जितका रास्त, तितकाच इथेही आहे.

कंपन्यांची बाजू खोटी आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. लॅमिंग्टन रोडच्या पदपथांवर एकेकाळी कसल्या सीडी कोणत्या भावाने मिळत, हे मुंबईकरांना सांगायला नको. आणि चोरी होते ती केवळ बड्यांचीच होते असेही नाही. २०१३ साली दोन भावांच्या छोट्या कंपनीने ‘गेम डेव्ह टायकून’ नावाचा खेळ काढला. आपण खेळ तयार करणारी कंपनी चालवायची, असा त्याचा विषय. या भावांनी गंमत अशी केली, की मुद्दाम एक वेगळी प्रत स्वतःच चोरबाजारात सोडली. त्या प्रतीत खेळणाऱ्याची कंपनी काही वेळाने बुडायला लागे. कारण काय, तर लोक तुमचे खेळ चोरून खेळतात! पहिल्या दिवसअखेर त्यांनी हिशेब मांडला तेव्हा खेळ विकत घेणारे २१४ निघाले आणि चोरून घेणारे ३,१०४. खेळाची किंमत काही फार नव्हती, त्याला कुलूपही नव्हते. म्हणजे कुलूप नसले की सारे जण आपखुशीने पैसे देतील, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही.

तरीही त्यावर जे उपाय योजले गेले, ते पाहिले की चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आठवते. २००८ चा सप्टेंबर. विल राइट यांचा ‘स्पोअर’ हा खेळ बाजारात आला. एका पेशीपासून सुरुवात करून आपला प्राणी अंतराळापर्यंत न्यायचा, अशी मोठी कल्पना. लोक काही वर्षे वाट पाहत होते. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. त्यांनी खेळाला सेक्युरॉम नावाचे कुलूप घातले आणि अट अशी ठेवली, की विकत घेतलेला खेळ तीनच वेळा कंपनीकडून मंजूर करून घेता येईल. संगणक बदलला, एक मंजुरी खर्च. बिघडला म्हणून सगळे पुसून पुन्हा भरले, दुसरी गेली. मग कंपनीच्या फोनवर जाऊन आपली कहाणी सांगा. ॲमेझॉनच्या दुकानात काही दिवसांतच दोन हजारांवर लोकांनी या खेळाला एकेक तारा देऊन राग काढला. पण खरी गोम पुढेच आहे. कुलूप काढलेली प्रत खेळ दुकानात येण्याच्या आधीच इंटरनेटवर फिरू लागली होती, आणि ‘टोरंटफ्रीक’ या बातमीपत्राच्या अंदाजानुसार त्या वर्षी सर्वाधिक चोरला गेलेला खेळ हाच होता, १७ लाख वेळा. चोराला मंजुरीची मोजदाद नव्हती. कंपनीने नंतर तीनाचे पाच केले.

त्याच वर्षीचा आणखी एक किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘रेनबो सिक्स व्हेगस २’ या खेळाची दुरुस्ती काढली. ती घेतल्यावर खेळ म्हणू लागला, सीडी घाला. पण ज्यांनी तो इंटरनेटवरूनच विकत घेतला होता, त्यांच्याकडे सीडी असणार कुठून? तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीच्या मदत विभागाने एक फाइल दिली. लोकांनी ती उघडून पाहिली तर आत चक्क कुलपे फोडणाऱ्या एका नामांकित टोळीचे नाव! स्वतःच्याच घराची किल्ली घरमालकाने चोराकडून उसनी आणावी, तसा हा प्रकार.

एवढे होऊनही याच कंपनीने २०१० साली आणखी पुढची पायरी गाठली. ‘असॅसिन्स क्रीड २’ हा खेळ तुम्ही घरात एकट्याने खेळत असलात, तरी संगणक सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला हवा. तार तुटली की खेळ थांबला. ७ मार्च २०१० रोजी, रविवारी, कुणीतरी त्या सर्व्हरवर हल्ला चढवला आणि रीतसर पैसे भरलेल्या अनेक गिऱ्हाइकांना त्यांचाच खेळ उघडेना.

अखंड इंटरनेटची ही अट आपल्या तालुक्याच्या गावी काय करते, ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी घरातच पाहिले. माझा पुतण्या तेव्हा अकरावीत होता. थोरले बंधू शाळामास्तर. वस्तू घ्यायची तर विकत, नाहीतर नको, हा त्यांचा खाक्या. पोराने दिवाळीचे आणि बक्षिसाचे पैसे जमवून एक खेळ मागवला. खेळाचे नि कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. संध्याकाळी वीज गेली की संगणक यूपीएसवर टिकून राही, पण मॉडेम बंद पडे आणि त्याबरोबर खेळही. वीज असली तर इंटरनेट रुसलेले. त्याच्या वर्गातल्या एका मुलाने तोच खेळ कुठून तरी पेन ड्राइव्हवर आणला होता. त्याचा तो आठवड्याभरात खेळून संपलासुद्धा. मी गेलो तेव्हा पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, त्याच्याकडे चालतो. माझ्याकडे पावती आहे.” बंधू शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटले, बोलले काही नाहीत. कंपनीला मी पत्र पाठवले, त्याचे उत्तर आले: आपली इंटरनेट जोडणी तपासून पाहावी.

चोरीचा तोटा कंपनीच्या वहीत लिहिला जातो. हा तोटा कुठल्या वहीत लिहायचा?

२०१३ च्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या खेळाने असाच गोंधळ घातला. सर्व्हर लोकांच्या गर्दीने कोसळले आणि कित्येक दिवस गिऱ्हाइके रांगेत उभी राहिली. सर्व्हरशिवाय हा खेळ चालणेच शक्य नाही, अशा अर्थाचे खुलासे तेव्हा झाले. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, तोच खेळ इंटरनेटशिवाय चालवण्याची सोय त्याच कंपनीने करून दिली.

अलीकडचे सर्वांत मजबूत कुलूप ऑस्ट्रियातल्या डेनुव्हो कंपनीचे. ते फोडायला कधी महिने लागतात, म्हणून प्रकाशकांना प्रिय. पण २०२१ साली कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हल व्हिलेज’ संगणकावर मध्येच अडखळू लागला, आणि कुलपे फोडलेली प्रत मात्र सुरळीत चालते असे जाणकारांच्या चाचणीत दिसले. कंपनीने त्यानंतर दुरुस्ती काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेनुव्होच्या एका संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली, तर काही खेळ शनिवार-रविवारी बंदच पडले. नूतनीकरण राहिले कुणाचे, आणि खोळंबला कोण!

२०२४ साली विल्यम वोल्कमन या अमेरिकन संशोधकाने याच कुलपाचा हिशेब तपासला. खेळ आल्याबरोबर कुलूप फुटले तर उत्पन्नात सुमारे वीस टक्के घट येऊ शकते. पण बारा आठवड्यांनंतर फुटले तर जवळजवळ काहीच नाही. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. कंपन्यांची गरज खरी आहे आणि ती तीन महिन्यांची आहे. मग चौथ्या महिन्यात कुलूप काढून घ्यायला हरकत कोणती? काही प्रकाशक तसे करतातही. बाकीच्यांनी का करू नये, याचे पटेल असे कारण मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने तर वेगळीच वाट धरली. त्यांच्याही देशात नव्वदच्या दशकात बाजार चोरीच्या सीडींनी भरलेला होता. त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा परदेशी खेळ पोलिश भाषेत आणला, पोलिश नटांचे आवाज दिले आणि खोक्यात नकाशासारख्या वस्तू घातल्या. चोराच्या मालापेक्षा दुकानातला माल सरस हवा, एवढाच विचार. आपल्याकडे २००७ च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमाच्या सीडी २८ रुपयांना विकल्या, त्यामागेही काहीसे असेच डोके होते. सीडी प्रोजेक्टने २००८ साली गॉग नावाचे बिनकुलपी खेळांचे दुकान काढले आणि २०१५ साली आपला ‘विचर ३’ तिथे पहिल्या दिवसापासून तसाच ठेवला. २०२३ पर्यंत सगळ्या यंत्रांवर मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या.

जुन्या खेळांची गत मात्र वाईट आहे. सेफडिस्क नावाचे कुलूप असलेल्या शेकडो सीडी लोकांच्या कपाटांत आहेत. त्या कुलपातून संगणकात शिरकाव होण्याचा धोका आहे म्हणून २०१५ साली विंडोज १० ने त्याला थारा द्यायचे नाकारले. मायक्रोसॉफ्टचे त्यात चुकले असे म्हणता येत नाही. पण पावतीसकट जपलेली ती सीडी आता चालवायची असेल, तर कुलूप फोडणाऱ्यांच्याच दारी जावे लागते. आणि ‘द क्रू’ या मोटारींच्या खेळाच्या मालकांना तर तेही दार नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या या खेळाचा सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, आणि एकट्याने खेळायचा भागही त्यासोबत गेला. त्यावरून रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या चळवळीच्या युरोपातल्या अर्जावर २०२५ साली दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी एवढीच, की दुकान बंद करताना विकलेला माल चालू स्थितीत सोडा. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, खेळ ‘विकत’ देतो असे म्हणायचे तर तो केवळ वापरण्याचा परवाना आहे हे दुकानदाराने स्पष्ट सांगावे लागते.

आपल्याकडे असा कायदा नाही. तेव्हा मुलांना खेळ घेऊन देताना पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात: एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागते का, किती संगणकांवर चालतो, आणि बाहेरचे कुलूप आहे का. स्टीम या मोठ्या दुकानात ही तिसरी गोष्ट लिहिलेली असते. पानाच्या उजव्या बाजूला, बारीक अक्षरात.