मोबाईलवरची टवाळी आणि माणसाचा पिंड



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, खतांच्या मात्रा यांवर लिहितो. यावेळचा विषय वेगळा असला तरी तो आमच्या शेतकी गट ऑफिसातूनच निघाला आहे.

गळीत हंगाम सुरू झाला की तोडीच्या क्रमावरून गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिखलफेक सुरू होते. "अमक्याची तोड वशिल्याची", "तमक्यानं चिटबॉयला कोंबडं चारलं" असं कोणीतरी टाकतो, खाली वीसजण हसतात. शाळकरी पोराला कोणी छळलं तर आपण धावून जातो. पन्नाशीच्या माणसाला मात्र "एवढं काय मनाला लावून घेता?" म्हणून गप्प बसवतो.

गेल्या हंगामात आमच्या गटातील दोन सभासदांवर एकाच आठवड्यात अशी टवाळी झाली. पहिले गृहस्थ बोलके. सकाळीच ऑफिसात आले, लागण नोंदीचं रजिस्टर उघडायला लावलं, आपली तारीख ग्रुपवर टाकली आणि चहा पिऊन गेले. दुसरे मितभाषी. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि ग्रुपही सोडला नाही. रात्री दोन-दोन वाजता उठून कोण काय म्हणतंय ते वाचत बसायचे, असं घरच्यांनी सांगितलं. सोसायटीत माणसं नसतील तेव्हाच जायचे. टोळी फडात आली त्या दिवशीही ते रानात नव्हते, ऊस मुलानं घातला. नोंद म्हणाल तर दोघांचीही चोख होती.

हा फरक पिंडाचा. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. त्यांतला एक म्हणजे काळजी, हळवेपणा, लवकर अस्वस्थ होणे. हा पैलू ज्याच्यात जास्त, त्याला तोच शब्द जास्त टोचतो. खारवट रानात फुले २६५ तग धरतो, तिथं दुसरी एखादी जात पिवळी पडते. म्हणून त्या जातीला कोणी नालायक ठरवत नाही.

लाझारस आणि फोकमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले. एक, अडचणीलाच हात घालणे. दुसरा, आपल्या मनाची तगमग शमवणे. पहिल्या सभासदांनी पहिला मार्ग धरला, आणि तो चालला कारण हातात रजिस्टर होतं. पण निनावी नंबरवरून घाण येत असेल तिथं उत्तर देणं म्हणजे आगीत पाचट टाकणं. तिथं ग्रुप म्यूट करावा, विश्वासाच्या माणसाशी बोलावं. मात्र रात्रभर तेच वाचत बसणं किंवा बाटली जवळ करणं हे मन शमवणं नव्हे, हे ध्यानात घ्यावं.

पारावर बोलणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, जीभ थोडी आवरते. मोबाईलवर तसं नाही. लिहिलेलं राहतं, आणि लेकीच्या सासरीही पोचतं.

कायद्याविषयीही गैरसमज आहेत. अपमानकारक मेसेजसाठी असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. म्हणजे रान मोकळं झालं असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आणि बदनामीसाठी ३५६ आहे. रागाच्या भरात मेसेज पुसू नयेत, आधी स्क्रीनशॉट घ्यावा. केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मजकुरासाठी तो गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पण ग्रुपवरचा मेसेज पुसायची सोय त्याच्या हातात आहे. ती तो वापरत का नाही, हे आपणच विचारलं पाहिजे.

दुसऱ्या सभासदांकडे पुढे त्यांचे मेव्हणे आठवडाभर येऊन राहिले. रात्री फोन स्वतःच्या उशाशी ठेवायचे. मग गल्लीतले दोघे-तिघे संध्याकाळी येऊन बसू लागले, टवाळीचा विषय न काढता. हे औषध उपदेशापेक्षा लागू पडलं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

राहता राहिला क्रमवारीचा प्रश्न. आमच्या गट ऑफिसातील लागण नोंदीचे रजिस्टर कामाच्या वेळेत कोणाही सभासदास पाहता येईल. शंका असेल त्यांनी ग्रुपवर लिहिण्याआधी येऊन आपली आणि शेजाऱ्याची तारीख ताडून पाहावी.