हरलो, पण…

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ‘एम’ या अक्षरावर संक्रांत येते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात इमारतींच्या नावांत, पाट्यांवर, जिथं म्हणून एम दिसेल तिथं त्यावर लाल चिकटपट्टीची फुली मारली जाते. एम म्हणजे मिशिगन, आणि त्या शनिवारी मिशिगन विद्यापीठाशी फुटबॉलचा सामना असतो. तिथली जुनी खोडं तर मिशिगनचं नावही तोंडावर येऊ देत नाहीत. ‘उत्तरेकडचा तो संघ’ म्हणतात, बस्स. 1897 पासूनचं हे वैर आहे. सामना साडेतीन-चार तासांत आटोपतो. त्यानंतर सुरू होतो तो दुसरा खेळ: हरलेल्यांनी कारणं सांगायची आणि जिंकलेल्यांनी त्या कारणांची वर्षभर सालटी काढायची.

आपल्याकडून तिकडे एमएस करायला गेलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी-रोनाल्डो शोधतात. हा तो खेळ नव्हे. इथं लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचं किंवा हातानं फेकायचा. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, सरकलात तर नव्या चार. व्यावसायिक संघांचा असा फुटबॉल वेगळा आणि विद्यापीठांचा वेगळा, पण गर्दी विद्यापीठांकडे कमी असते असं समजू नका. ॲन आर्बरमधल्या मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे. आपलं वानखेडे त्यात तीनदा मावेल. मैदानावरची मुलं अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. ती चार वर्षांत निघून जातात, गॅलरीतला माणूस मात्र आजोबांपासून त्याच रंगाचा टी-शर्ट घालत आलेला असतो.

हरल्यावर सबबी सगळीकडेच सांगतात. खेळपट्टी, नाणेफेक, पंच, दव, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मग अमेरिकेतल्या या एका खेळात सबबीवरून एवढं रण का माजतं? एक कारण उघड आहे. साखळीत एका संघाच्या वाट्याला जेमतेम बारा सामने येतात आणि शेजाऱ्याशी गाठ वर्षातून बहुधा एकदाच पडते. कसोटी हरलात तर आठवड्याभरात पुढची कसोटी असते. इथं उट्टं काढायला पुढचा नोव्हेंबर उजाडावा लागतो. पण खरं कारण मला दुसरंच वाटतं. या खेळात सबबीला भाव होता, अगदी रोकडा.

कारण विजेता कोण हे इथं कित्येक दशकं मैदानावर ठरतच नव्हतं. 1936 पासून पत्रकारांच्या मतदानातून देशातल्या संघांची क्रमवारी लागायची आणि हंगामाअखेर तीत जो वर, तो राष्ट्रीय विजेता. 1998 मध्ये मतदान आणि संगणकाची आकडेमोड एकत्र करून दोन संघ अंतिम सामन्यासाठी निवडायची पद्धत आली. 2014 पासून तेरा जणांची समिती टेक्ससमधल्या एका हॉटेलात बसून चार संघ निवडू लागली. म्हणजे हरणं हा निकालाचा शेवट नव्हताच. ‘हरलो, पण आमचा मुख्य खेळाडू जखमी होता’, ‘हरलो, पण पंचांनी घात केला’ हे मतदारांच्या कानावर घालणं गरजेचं असायचं. सबब म्हणजे वरच्या कोर्टातलं अपील. आणि समोरच्यानं तिची खिल्ली उडवणं म्हणजे ते अपील दाखल होण्याआधीच फेटाळून लावण्याची खटपट.

2009 च्या जानेवारीतला शुगर बाउल, म्हणजे हंगामाअखेरचा एक मानाचा सामना, याचा उत्तम नमुना आहे. बलाढ्य अलाबामासमोर युटा हा लहान गटातला संघ. युटानं पहिल्याच सत्रात 21-0 अशी आघाडी घेतली आणि सामना 31-17 असा मारला. अलाबामाच्या गोटातून कारण आलं ते असं, की आधीच्या सामन्यात फ्लोरिडाकडून हरल्यानं अजिंक्यपदाची संधी हुकली होती, मुलांचं मन लागत नव्हतं. त्यांचा एक मोठा खेळाडू, आंद्रे स्मिथ, निलंबित होता हेही खरं. पण ‘आम्हाला तिथं खेळायचंच नव्हतं’ ही सबब त्या दिवसापासून जी बदनाम झाली ती कायमची. तिच्यात पराभवाची कबुली नाही आणि वर जिंकणाऱ्याचा अपमान आहे: तू जिंकलास, कारण आम्ही लक्ष दिलं नाही. युटा त्या हंगामात तेरापैकी तेरा सामने जिंकला आणि तरी मतदानात दुसराच राहिला. फ्लोरिडा एक सामना हरूनही पहिला. अशा व्यवस्थेत युटाचे लोक त्या सबबीवर तुटून पडले नसते तरच नवल.

कधी कधी समितीच दुसऱ्याची सबब आपणहून मांडते, ते आणखी मजेदार. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट तेरा सामने खेळून एकही हरला नव्हता. पण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पाय मोडून बसला होता, म्हणून हा संघ आता पूर्वीसारखा नाही असं सांगून समितीनं त्याला चौघांतून वगळलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. जखमी खेळाडूची सबब हरलेल्यानं सांगितली तर रडीचा डाव, समितीनं सांगितली तर निकष! चिडलेल्या फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून अधिक खेळाडू मग ऑरेंज बाउलला उतरलेच नाहीत आणि जॉर्जियानं उरलेल्यांना 63-3 असं धुतलं. त्या आकड्यावरून आजही त्यांना डिवचतात. आणि ‘संघ होताच कुठं मैदानावर’ हे त्यांचं उत्तर, माझ्या मते, अशा सबबींमध्ये सर्वांत वजनदार आहे.

पण सबबींच्या या खेळाचा खरा आखाडा ॲन आर्बर आणि कोलंबस हाच. 26 नोव्हेंबर 2016. कोलंबसला एक लाख दहा हजारांची गर्दी, ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन तिसऱ्या. बरोबरी झाली, जादा खेळ झाला, पुन्हा बरोबरी, दुसरा जादा खेळ. मिशिगन 27-24 असं पुढे. ओहायो स्टेटला चौथ्या, म्हणजे शेवटच्या संधीवर एक यार्ड हवं होतं. त्यांचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट चेंडू घेऊन डावीकडून घुसला आणि 15 यार्डांच्या रेषेजवळ आडवा झाला. रेषेला चेंडू लागला असेल तर खेळ चालू, नसेल तर मिशिगन विजयी.

आता हा निर्णय होतो कसा ते पाहण्यासारखं आहे. एकावर एक पडलेल्या अंगांच्या ढिगाऱ्यात चेंडू बहुतेकदा दिसत नाही. कडेच्या रेषेवरचा पंच धावत आत येतो आणि चेंडू जिथवर पोचला असं त्याला वाटतं त्या जागी एक पाय रोवतो. चेंडू तिथं ठेवायचा. शंका असली तर दोन काठ्यांमध्ये ताणलेली दहा यार्डांची साखळी आणून इंचाइंचानं मोजायचं. म्हणजे अंदाजानं ठेवलेल्या वस्तूचं काटेकोर माप! बॅरेटच्या वेळी व्हिडिओ तपासला गेला, पण मैदानावरचा निर्णय उलटवण्याएवढा पुरावा मिळाला नाही. पुढच्याच चालीत कर्टिस सॅम्युअल पंधरा यार्ड पळत गेला आणि ओहायो स्टेट 30-27 असं जिंकलं.

मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बॉ पत्रकार परिषदेत दोन हातांमध्ये अंतर धरून दाखवत राहिले: एवढा कमी पडला, एवढा. पंचांवर त्यांनी जाहीर नाराजी काढली म्हणून मिशिगनला दहा हजार डॉलरचा दंड झाला. ‘जे. टी. पोचलाच नव्हता’ हे मिशिगनकरांचं पालुपद झालं, आणि हार्बॉंचे ते हात ओहायोवाल्यांचं खेळणं. ओहायोवाल्यांचा मुद्दा मात्र नुसत्या टवाळीचा नव्हता. मिशिगनच्या क्वार्टरबॅकनं त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या हातात दोनदा चेंडू फेकला होता, त्यातल्या एकावर थेट टचडाउन झालं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला गेला, आणि गोलरेषेच्या तोंडाशी एकदा चेंडू हातून सांडला होता. इंच मोजण्याआधी ते मोजा, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अंगण थोडं वाकडं असेलही, पण नाचही चुकलाच होता. पाच आठवड्यांनी क्लेमसननं ओहायो स्टेटला 31-0 असं लोळवलं, तेव्हा ॲन आर्बरमध्ये काय आनंद झाला असेल ते सांगायला नको.

2020 मध्ये मिशिगनच्या संघात कोविड पसरला आणि सामनाच रद्द झाला. त्या वर्षी मिशिगन सहापैकी चार सामने हरलं होतं, त्यामुळे आजारपण म्हणजे पळवाट, अशी कोलंबसमध्ये बोलवा उठली. माजी ओहायो स्टेट खेळाडू आणि समालोचक कर्क हर्बस्ट्रीट टीव्हीवर तसं बोलून बसले आणि त्यांना माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी नियतीनं फासे फिरवले. 27 नोव्हेंबर 2021 ला बर्फात मिशिगननं 42-27 असा विजय मिळवला, आणि नंतर बाहेर आलं, की ओहायो स्टेटच्या संघात त्या आठवड्यात फ्लूची साथ होती. वर्षभर ‘पळपुटे’ ऐकून घेतलेल्या मिशिगनकरांना याहून गोड काय हवं? त्यांनी तो फ्लू अजून बरा होऊ दिलेला नाही. आजारी म्हणवणाऱ्या क्वार्टरबॅकनं, सी. जे. स्ट्राउडनं, त्या दिवशी जवळपास चारशे यार्ड फेक केली होती. आणि हासन हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले ते बचावफळी तुडवत. फ्लू नेमका बचावफळीलाच कसा झाला, हा प्रश्न वाजवीच होता. हार्बॉंनीही हात धुऊन घेतले: काही माणसं तिसऱ्या बेसवर उभी असतात आणि ट्रिपल आपणच मारला असं समजतात, म्हणाले. बेसबॉलची भाषा, पण अर्थ आपल्या आयत्या बिळावरच्या नागोबाचा. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांना तयार संघ वारशानं मिळाला होता, त्यावर हा टोला.

मग आला खुणांचा मामला. या खेळात प्रत्येक चाल बाहेरून खुणांनी, रंगीत चित्रांच्या फलकांनी आत कळवली जायची. हेल्मेटमधल्या रेडिओला विद्यापीठांत परवानगी मिळाली ती 2024 मध्ये. समोरच्याच्या खुणा सामन्यादरम्यान ओळखल्या तर गुन्हा नाही, पण आधी माणसं पाठवून त्याच्या सामन्यांना हजेरी लावायला बंदी होती. मिशिगनचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स नेमकं तेच करत असल्याचं ऑक्टोबर 2023 मध्ये उघड झालं. कोलंबसला हवं ते मिळालं: 2021 आणि 2022 चे दोन्ही पराभव एका फटक्यात चोरीच्या खात्यात जमा. यानंतर ओहायोवाल्यांना संताजी-धनाजीसारखा पाण्यातही स्टॅलियन्स दिसू लागला. ही सबब मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चोरी खरीच होती, ऑगस्ट 2025 मध्ये मिशिगनला जबर दंड झाला, हार्बॉंवर दहा वर्षांचे निर्बंध आले. जिंकलेले सामने तेवढे रद्द झाले नाहीत. उलट ओहायो स्टेटचा 2010 चा मिशिगनवरचा विजय अधिकृत नोंदींतून पुसलेला आहे, कारण त्यांच्या खेळाडूंनी आपल्या स्मृतिचिन्हांच्या बदल्यात गोंदवून घेतलं होतं. मिशिगनकर ही आठवण खिशातच ठेवतात.

खुणांच्या सबबीची हवा काढली ती वादविवादानं नव्हे. 2023 मध्ये हार्बॉ निलंबित, स्टॅलियन्स गेलेला, तरी मिशिगन 30-24 जिंकलं. 2024 मध्ये तर हार्बॉही सोडून गेले होते, संघ सहा जिंकून पाच हरलेला, दोन मोठे खेळाडू जखमी. सबबी सगळ्या मिशिगनच्या बाजूला तयार होत्या. आणि कोलंबसमध्येच त्यांनी 13-10 असा सामना काढला. ओहायो स्टेटच्या किकरनं दोन किक चुकवल्या, संघ मधल्या भिंतीवर डोकं आपटत राहिला. त्या संध्याकाळी ओहायोवाल्यांकडे सांगायला काहीच नव्हतं, म्हणून ते आपल्याच प्रशिक्षकावर उलटले. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवला, मारामारी झाली, पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला.

या गमतीला एक काळी कड आहे. 2013 मध्ये ऑबर्नविरुद्ध अलाबामाचा किकर केड फॉस्टर तीनदा चुकला आणि अलाबामा शेवटच्या सेकंदाला हरलं. ‘हरलो, पण किकरमुळे’ अशी सबब करून आपल्याच लोकांनी त्या पोराला जिवे मारण्याच्या धमक्या धाडल्या. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला हातानं चिठ्ठी लिहून धीर दिला. त्याची जर्सी 43 क्रमांकाची आणि बुश अमेरिकेचे त्रेचाळिसावे अध्यक्ष. दुसऱ्याच्या सबबीची चेष्टा निदान तोंडदेखली तरी मैत्रीत चालते. आपल्या माणसाचीच सबब करणं हे त्याहून वाईट.

2024 पासून चारऐवजी बारा संघ बाद फेरीत येतात. मिशिगनकडून हरलेलं ओहायो स्टेट जुन्या पद्धतीत चौघांत बसलं नसतं. नव्या पद्धतीत आठवं मानांकन घेऊन आत शिरलं आणि जानेवारी 2025 मध्ये नोत्र दामला 34-23 असं हरवून राष्ट्रीय विजेतं झालं. समितीपुढे रडगाणं गायची आता तितकी गरज उरलेली नाही. तरी ‘आम्ही देशात पहिले’ या ओहायोच्या वाक्यावर मिशिगनचं उत्तर तयारच होतं: आमच्याशी हरूनच ना? मग 29 नोव्हेंबर 2025 ला ओहायो स्टेटनं ॲन आर्बरमध्ये 27-9 असा सामना जिंकून चार वर्षांचा दुष्काळ संपवला. जेरेमाया स्मिथच्या टचडाउनवरून मिशिगनकरांनी थोडी कुरकुर केली, पण फरक अठरा गुणांचा होता आणि अठरा गुणांत इंचांची सबब मावत नाही. पुढची गाठ 28 नोव्हेंबर 2026 ला, कोलंबसमध्ये.