वीकेंड ट्रिप: सिंदखेड राजा, फोटोच्या पलीकडे

लोणारला निघालात? मग वाटेत सिंदखेड राजाला नुसता फोटोपुरता ब्रेक नको, अर्धा दिवस ठेवाच! हायवेलगतच लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथलाच. दरवर्षी त्या तारखेला इथे पाय ठेवायला जागा नसते.

पण जन्मस्थानाला नमस्कार करून लगेच गाडीत बसलात, तर जिजाऊ अर्ध्याच कळतील. गावातल्या लखुजीरावांच्या भव्य समाधीपाशीही जा. १६२९मध्ये निजामशाहाने त्यांना मुलांसह दौलताबादेत दग्याने मारलं. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारीला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेर असं उजाड झालेलं असताना ही लेक आई झाली! संध्याकाळी मोती तलावाच्या काठावर बसून एवढं आठवा. लोणार उद्याही बघता येईल.