कुमारीचे पान : रचना, कार्य आणि औषधनिर्मिती

श्रीपूर म्हटले की ऊस आणि साखर हेच प्रथम डोळ्यांपुढे येते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला आणि माळशिरस तालुक्यातील या गावाची ओळखच उसाशी जोडली गेली. वैद्यवर्गाने मात्र त्याच उसाच्या बांधावरील कुमारीकडेही पाहावे. सूर्य एकच, माती एकच. परंतु दोन्ही पानांचा संसार सर्वस्वी निराळा आहे.

उसाचे पान पातळ असून त्याची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. साहजिकच बाष्पोत्सर्जन पुष्कळ होते. पाणी कमी पडले की वरच्या पृष्ठावरील मोठ्या पेशींतील ताण जातो व पान सुरळीसारखे मिटते. कुमारीला ही युक्ती लागत नाही. तिच्या अपित्वचेवर उपत्वचेचा जाड थर असतो आणि पर्णरंध्रे रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू सेंद्रिय आम्लाच्या, मुख्यतः मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवला जातो आणि दिवसा रंध्रे मिटलेली असताना प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. त्यामुळे पहाटे तोडलेल्या पानाच्या हिरव्या भागात आम्लता अधिक, तर सायंकाळी कमी आढळते. औषधशाळेत तोडणीची वेळ ठरलेली असावी, याला हे एक सबळ कारण होय.

पान आडवे कापून पाहावे. बाहेर हिरवी साल, आत पाणी धरून ठेवणाऱ्या पातळ भित्तीच्या पेशींचा स्वच्छ, बुळबुळीत गर आणि या दोहोंच्या सीमेवर वाहक पुलांची रांग दिसते. या पुलांच्या बाहेरील अंगास असलेल्या पेशींतून पिवळा, अतिशय कडू रस स्रवतो. ॲलोइन या रसात असते. तो आटवला की एलुआ, अर्थात काळा बोळ, मिळतो. आतील गर मात्र बहुशर्करायुक्त असून जवळजवळ बेचव असतो.

भावप्रकाशात कुमारीला भेदनीही म्हटले आहे आणि बृंहणीही. एकाच द्रव्यात हे दोन गुण कसे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. माझ्या मते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पानाच्या या आडव्या छेदातच आहे.

सालीसकट पान यंत्रातून काढले की पिवळा रस गरात उतरतो. असा 'कोरफड रस' रोज घेणाऱ्यास पोटात मुरडा व द्रवमल होणे स्वाभाविक आहे. गर्भिणीला तर तो मुळीच देऊ नये. अमेरिकेत २००२ मध्ये, सुरक्षिततेची पुरेशी माहिती सादर न झाल्याने, दुकानात थेट मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा हा घटक वगळण्यात आला. गर पोटात द्यावयाचा असल्यास पाने बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून उभी ठेवावीत, पिवळा रस निथळू द्यावा आणि मगच साल काढून गर धुवावा. विलंब मात्र करू नये. तोडलेल्या पानातील गर लवकर पातळ होऊ लागतो. ग्रंथोक्त कल्पात भेदन अपेक्षित असेल तेथे गोष्ट वेगळी. तेथे ग्रंथोक्त विधी व मात्राच प्रमाण मानावी.

खरेदीच्या वेळी पुरवठादारास 'कोरफड रस' एवढेच सांगणे पुरेसे नाही. सालीसकट की सालविरहित, हे मागणीपत्रावर स्पष्ट लिहावे आणि आलेल्या मालाचा थेंब जिभेवर ठेवून पाहावा. कडवटपणा लपत नाही.