वजन उचलण्याआधीचे गणित

१४ जुलै १९९९. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात बेसबॉलच्या नव्या स्टेडियमचे छत बसवण्याचे काम सुरू होते. ‘बिग ब्लू’ नावाची अजस्र क्रेन छताचा सुमारे ४५० टनांचा भाग उचलताना कोसळली आणि तीन कामगारांचा मृत्यू झाला. चौकशीत वाऱ्याचा मुद्दा पुढे आला. हुकाला टांगलेल्या, शिडासारख्या पसरट छतावर वारा किती जोर लावेल, याचा पुरेसा हिशेब झालेला नव्हता.

क्रेन म्हणजे मुळात एक तरफ. त्यामुळे नुसते वजन पाहून भागत नाही, ते क्रेनपासून किती लांब आहे हेही पाहावे लागते. १० मीटरवरचे १० टन आणि २० मीटरवरचे ५ टन क्रेनला सारख्याच ताकदीने पुढे ओढतात. म्हणूनच ‘५० टनांची क्रेन’ बूम लांबवल्यावर ५० टन उचलत नाही. वाऱ्याचे गणित तर आणखी फसवे आहे. त्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

हा हिशेब आता संगणकावर आधीच करता येतो. सॉफ्टवेअरमध्ये क्रेनचे मॉडेल, बांधकामाचा आराखडा आणि वजन भरले की उचलण्याचा प्रत्येक टप्पा त्रिमितीय चित्रात दिसतो. बूम कुठे इमारतीला घासेल, कोणत्या टप्प्यावर क्षमता संपत येईल, आउटरिगरच्या पायाखाली जमिनीवर किती दाब येईल, हे आधीच कळते. हुक आणि स्लिंग यांचे वजनही त्यात धरले जाते. स्लिंग जितक्या आडव्या, तितका त्यांच्यावरचा ताण जास्त. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर दोनपैकी प्रत्येक स्लिंगवर पूर्ण वजनाइतका ताण येतो.

पण सॉफ्टवेअरला माती दिसत नाही. कालच्या पावसाने भुसभुशीत झालेली जमीन, बुजवलेला खड्डा किंवा अंदाजाने लिहिलेले वजन त्याला ओळखता येत नाही. चुकीचा आकडा भरला, तर चुकीचे उत्तरही तेवढ्याच सुबक चित्रात मिळते. त्यामुळे प्रत्यक्ष जागेची पाहणी, वाऱ्याची मोजणी आणि खाली कोणी उभे नाही याची खात्री ही कामे माणसांनीच करायची आहेत. वारा वाढला, तर ‘आज उचलायचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार क्रेन चालवणाऱ्याला असला पाहिजे. काम एक दिवस लांबले तर पैसे जातात, पण गेलेला जीव परत येत नाही.