रक्तनमुना आणि त्यावरील नाव

रक्तनमुने घेण्याच्या व्यवसायात पदार्पण करणाऱ्यास शीर अचूक सापडणे हेच सर्वस्व वाटते. वस्तुतः त्याची पहिली कसोटी भाषेची असते. भारतात बारावीनंतरची वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका ही या व्यवसायाची रूढ वाट होय. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा संलग्न व्यवसायांच्या शिक्षणास व नोंदणीस राष्ट्रीय चौकट दिली.

“तुम्ही अमुक ना?” असे नवशिक्याने विचारू नये, ग्लानीतला रुग्ण कोणत्याही नावास होकार देतो. नाव व जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावी. दंडावरील पट्टा मिनिटाहून अधिक आवळलेला ठेवू नये. सीरमची नळी ईडीटीएच्या नळीआधी भरावी. क्रम उलटल्यास ईडीटीएमधील पोटॅशियमचा अंश सीरमच्या नळीत शिरतो आणि रुग्णाचे पोटॅशियम वाढल्याचा आभास होतो. नळीवर नाव रक्त घेतल्यावर, रुग्णासमक्षच लिहावे.

पोथीच्या पुष्पिकेतील चुकीचे नाव पुढचा संशोधक दुरुस्त करू शकतो. रक्तगट तपासणीच्या नळीवर नाव चुकले, तर भलत्याच गटाचे रक्त रुग्णास चढू शकते. तिथे दुसऱ्या आवृत्तीची सोय नाही.